गल्लीचा उतार

शनिवारी दुपारी मुलगी समुद्राकाठच्या, राहत्या गाड्यांच्या तळावर पोचली, तेव्हा तिचे आईबाबा भांडत होते. विषय नेहमीचाच होता. टाकीत पाणी भरून गाडी जागेवर परत आली होती आणि तिची पुढची चाकं लाकडी पाचरींवर चढवायचं काम चाललं होतं.

"अहो मिस्त्री, अजून किती? क्लच जळेल माझा."

"दोन बोटं."

"दोन बोटं तुमच्या रंध्याला कळतात. माझ्या पायाला नाही कळत."

"कळतात, कळतात. ड्रायव्हरीणबाई उगाच लाजतात." बाबा पुढच्या चाकाशी उकिडवे बसले होते. त्यांनी गाडीच्या पत्र्यावर तळहाताने दोनदा थाप मारली. गाडी गुरगुरत कणभर वर चढली. मग एकच थाप. आईने हँडब्रेक ओढला. बाबा गुडघ्यावर हात देत उठले, आत गेले, खिशातून काचेची गोटी काढून टेबलावर ठेवली आणि कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत राहिले. गोटी जागची हलली नाही.

"चहा टाका," बाबांनी हुकूम सोडला.

"हात मोडलेत का?" आई म्हणाली, आणि चहा टाकला.

दोन थापा म्हणजे चल, एक म्हणजे थांब. ही आईची भाषा. तिने उभी हयात शहरातली बस चालवली होती आणि कंडक्टरच्या घंटीवर जेवढा भरवसा ठेवला तेवढा सख्ख्या भावावर ठेवला नव्हता. बाबा सुतार. लोकांच्या घरातली कपाटं, ओटे, जिने करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. दोघं एकाच सुमारास निवृत्त झाली, आणि सगळ्यांना वाटलं की आता ही दोघं खिडकीत बसून रस्ता बघतील. त्याऐवजी त्यांनी सामान वाहणारी एक जुनी लांबलचक गाडी आणून दारात उभी केली आणि जाहीर केलं की घर विकणार, गाडीत राहणार, समुद्राकाठी.

गल्लीला महिनाभर पुरेल एवढा विषय मिळाला. "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर," समोरच्या काकू म्हणाल्या. बाबांनी ते मनाला लावून घेतलं नाही. "विंचू तर विंचू," ते म्हणाले, "नांगी तेवढी घरी ठेवून जातो. तुम्हाला लागली तर वापरा." त्या दिवसापासून गाडीचं नाव बिऱ्हाड पडलं.

आतलं सगळं बाबांनी स्वतः केलं. ओढून काढायचा पलंग, त्याच्या पोटात कपड्यांचे कप्पे, भिंतीत दुमडणारं टेबल, एकेका भांड्याच्या मापाचा खण. कुठे खिळा म्हणून दिसत नव्हता. सगळं सांध्यात सांधा घालून. आणि कामाचा त्यांचा नियम साधा होता. जमिनीवर विश्वास ठेवायचा नाही, भिंतीवर तर नाहीच नाही. विश्वास ठेवायचा तो पाणसळीच्या नळीतल्या बुडबुड्यावर. बुडबुडा मध्ये आला की फळी सरळ, मग घर कसंही वाकडं असो.

नियम घरांच्या बाबतीत बरोबर होता. पण गाडी उभी होती गल्लीत, आणि गल्ली होती चढाची. नाक वर करून उभ्या असलेल्या गाडीत बाबांनी एकेक फळी बुडबुड्याच्या साक्षीने सरळ बसवली. काम संपलं, निरोप झाले, गाडी समुद्राकाठच्या सपाट तळावर येऊन थांबली, आणि टेबलावर ठेवलेला बटाटा गडगडत पुढे ड्रायव्हरच्या सीटखाली गेला. दुसराही गेला. पलंगावर आडवं झालं की अंग पायांकडे घसरायचं. अख्खं घर पुढे झुकलं होतं.

"तुला दिसलं नाही?" मुलीने तेव्हा आईला विचारलं होतं. "गल्लीत चढ आहे हे तुला ठाऊक नव्हतं? तू तर तिथे रोज ब्रेक लावून उतरायचीस."

"दिसत होतं की."

"मग बोलली का नाहीस?"

"ते मला कधी गिअर कुठला टाकू ते सांगतात का? मी त्यांच्या लाकडात तोंड घालत नाही, ते माझ्या इंजिनात घालत नाहीत. म्हणून तर संसार झाला."

मुलगी छापखान्यात मुद्रितशोधक होती. चूक दिसली की दुरुस्त करायची, एवढंच तिला माहीत. सगळं उचकटा आणि परत करा, असं तिने सुचवलं. बाबांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू तिने जिवंत माणसाची हाडं मोडून पुन्हा जोडायला सांगितली आहेत. "चूक माझी," ते म्हणाले, "सांध्यांची नाही. सांधे का म्हणून शिक्षा भोगतील?" आणि सागाच्या जाड तुकड्यांतून त्यांनी दोन उतरत्या पाचरी घडवल्या. पुढची चाकं त्यांवर चढवली की गाडी बरोबर गल्लीत उभी असल्यासारखी नाक वर करायची आणि आतलं घर सरळ व्हायचं. आई फार खूश झाली. "बघ, घर विकलं पण घराचा उतार बरोबर आणला. आता कुठेही जाऊ, आपल्याच गल्लीत उभे."

त्या शनिवारी चहा घेता घेता मुलीने सवयीने नजर फिरवली. "वरच्या खणाची कडी ढिली आहे. पायरीचा कोपरा फुगलाय. आणि त्या खिडकीतून वारा येतो, बाबा. रात्री दार नीट लावता ना? गोळ्या संपल्यात का?"

"आली तपासनीस," बाबा आईला म्हणाले. "किती झाल्या?"

"तीन. गोळ्या धरल्या तर चार."

"गोळ्या धरू नका. एवढ्या मोठ्या घरात तीन चुका म्हणजे पास."

आई हसली. पलीकडच्या गाडीतल्या नर्सबाईंनी खिडकीतून ओरडून विचारलं की एवढं काय झालं, आणि बाबांनी ओरडून सांगितलं की निकाल लागला. उन्हं कलत होती. दाराच्या चौकटीत समुद्र मावेल तेवढा मावला होता, आणि त्याच्यासमोर तिची आई, पांढऱ्या केसांना उलटा रुमाल बांधून, एका हातात कप आणि दुसरा हात सवयीने स्टिअरिंगवर ठेवून बसली होती. मुलीला त्या क्षणी काहीतरी म्हणायचं होतं. छापखान्यात ती ते रोज म्हणायची. कोणी नवीन आलं की हमखास म्हणायची, "माझे आईबाबा गाडीत राहतात, समुद्रावर. आई चालवते. आतलं सगळं बाबांनी बनवलंय, एक खिळा नाही." ऐकणाऱ्याचे डोळे मोठे झाले की तिला स्वतःलाच बक्षीस मिळाल्यासारखं वाटायचं. पण इथे, त्यांच्यासमोर, जीभ टाळूला चिकटायची आणि तोंडातून कडी, कोपरा नि गोळ्या बाहेर पडायच्या.

"ओल्या हवेत फार बसू नका," ती म्हणाली आणि बस गाठायला निघाली. बाबांनी पाठमोरीला हाक मारून सांगितलं, "पुढच्या वेळी दोनच सापडतील बघ."

रविवारी सकाळी बाबा दाराच्या पायरीवर बसले. कडी घट्ट करून झाली होती. पायरीचा कोपरा घासून झाला होता. पॉलिश पेपर गुडघ्यावर ठेवून त्यांनी चहा मागितला. आई कप घेऊन आली तेव्हा ते समुद्राकडे तोंड करून बसलेले होते आणि उत्तर देत नव्हते. नर्सबाई धावत आल्या. त्यांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मुलीने आईला आपल्या घरी आणलं. एक खोली रिकामी केली, नवे पडदे लावले, पलंग उजेडाकडे तोंड करून ठेवला. आई चांगली वागत होती. फारच चांगली. उठल्या उठल्या अंथरुणाची घडी घालायची, स्वतःचा कप स्वतः विसळायची, दिवा लावायच्या आधी विचारायची. आयुष्यभर अख्ख्या बसवर ओरडलेली बाई हळू आवाजात बोलू लागली. दुपारी खिडकीशी उभी राहून खालच्या बसथांब्याकडे बघायची, आणि एखाद्या ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला की तिचा उजवा पाय जागच्या जागी हलायचा.

मग तळाच्या व्यवस्थापकाचा फोन आला. उधाण येणार होतं, खालच्या ओळीतल्या सगळ्या गाड्या वरच्या माळावर हलवायच्या होत्या. "कोणीतरी येऊन घेऊन जा," तो म्हणाला. "घेणारं गिऱ्हाईकही आहे माझ्याकडे, हवं तर."

मुलीने ते आईला सांगितलं. गिऱ्हाइकाचंही सांगितलं.

"गाडी मी हलवते," आई म्हणाली. कितीतरी दिवसांनी तो बसमधला आवाज होता.

दोघी गेल्या. इंजिन दुसऱ्या खटक्याला सुरू झालं. आईने गाडी वरच्या माळावर नेली, जागा निवडली, नाक समुद्राकडे केलं. मुलीने पाचरी चाकांपुढे ठेवल्या आणि हात झटकले.

आईने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "हे बघ. मी ठरवलंय. गाडी चढली तर मी इथे राहीन. नाही चढली तर तुझ्या खोलीत येईन, आणि पुन्हा चकार शब्द काढणार नाही. त्या गिऱ्हाइकाला देऊन टाक."

"असं कसं, आई? एकदा नाही जमलं म्हणून..."

"एकदाच. गाडी हलवायची म्हटली की दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं असेल, तर तुझंच दार काय वाईट?" मग जरा थांबून म्हणाली, "मला इथून चाक दिसत नाही. तू सांगशील तसं. थापा ठाऊक आहेत ना?"

"आहेत."

"मग मारा थाप, मिस्त्री," आई सवयीने म्हणून गेली आणि डोकं आत घेतलं.

मुलगी चाकाशी उकिडवी बसली. पत्रा उन्हाने तापला होता. तिने दोन थापा मारल्या. चाक पाचरीला टेकलं, रबर किंचित दबलं आणि गाडी चढू लागली. पुन्हा दोन. चाक अर्ध्यावर आलं.

तिचा हात हवेत होता. आत्ता एक थाप मारली असती तर आई थांबली असती. विचारलंही नसतं. घंटीवर तिचा भरवसा होता. मग आत जाऊन गोटी ठेवली असती, गोटी गडगडत सीटखाली गेली असती, आणि संध्याकाळपर्यंत आई नव्या पडद्यांच्या खोलीत असती. जवळ. सुखरूप. हळू आवाजात बोलत.

वर गाडीत आई वाट बघत होती. मुलीला तिचा फक्त कोपर दिसत होता, खिडकीवर टेकलेला. क्लचवर धरून ठेवलेली एवढी मोठी गाडी एका पायावर तरंगत होती, तसूभरही मागे सरत नव्हती. या वयात, अशा चढावर, शंभरांतल्या एकाला जमेल का? आणि चाकापुढे पाचरीवर सुतारी पेन्सिलची आडवी रेघ होती. चाक कुठवर यायला हवं त्याची. कानामागे कायम खोचलेल्या त्या चपट्या पेन्सिलीने, जाड, न डगमगता ओढलेली.

दोन थापा. गाडी वर आली. अजून दोन, हलक्या. "दोन बोटं," ती मोठ्याने म्हणाली. चाक रेघेला भिडलं. एक थाप.

हँडब्रेक ओढल्याचा आवाज आला. मग इंजिन बंद झालं आणि समुद्राचा आवाज एकदम मोठा झाला.

"ये आत," आईने हाक मारली. "मी एकटी बघणार नाही."

गोटी आईच्या पर्समध्ये होती. तिने ती टेबलाच्या मधोमध ठेवली आणि हात मागे घेतला. दोघी कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. गोटी जराशी थरथरली, जणू विचार करत होती, आणि स्वस्थ बसली.

आईने मोठा श्वास सोडला. रुमाल काढला, झटकला, पुन्हा बांधला. "मेल्या क्लचने जीव घेतला," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि चेहरा मात्र शेवटची फेरी वेळेत पोचवलेल्या ड्रायव्हरचा होता. मग सीटवर बसत म्हणाली, "हं, बघ आता. काढ चुका. ते नाहीत म्हणून सोडू नकोस."

मुलीने बघितलं. वरच्या खणाची कडी बोटाने हलवून पाहिली, ती हलली नाही. पायरीचा कोपरा चाचपला, तो गुळगुळीत होता. खिडकीशी हात धरला. वारा येत होता, खारा, थोडासाच. तिने हात तिथेच राहू दिला.

"एकही नाही," ती म्हणाली.

"खोटं बोलतेस. खिडकी आहे."

"खिडकी बरोबर आहे."

मुलीने टेबलाच्या कडेवर तळहात ठेवला, जिथे दोन फळ्या एकमेकींत अशा मुरल्या होत्या की जोड नखालाही लागत नव्हता. तिने दोनदा थाप मारली. चल.

"बाबा," ती म्हणाली, आणि आवाज खाली जाऊ दिला नाही, "मी छापखान्यात सगळ्यांना तुमच्याबद्दल सांगते. छाती फुगवून सांगते. असं घर कोणी बांधलेलं मी पाहिलं नाही. आणि आई, अशी गाडी चालवताना कोणाला पाहिलं नाही. मला तुमचा अभिमान वाटतो. दोघांचा. पहिल्या दिवसापासून वाटतो, बटाटा सीटखाली गेला त्या दिवसापासून."