भुयाराची किल्ली

"काका, आहात कुठं तुम्ही?" फोनवर प्रयोगशाळेतली पाळीप्रमुख पोरगी काकुळतीला आली होती.

"स्टेशनावर. लेकीची गाडी यायचीय. का गं?"

"जरा खिसा चाचपा बघू."

वायूकाकांनी कोटाचा खिसा चाचपला. भुयाराची किल्ली! लेकीला भेटायच्या घाईत कामाचा कोटही न उतरवता ते निघाले होते.

भुयारात उतरणाऱ्यानं फळीवरची एक किल्ली घ्यायची, वर आला की अडकवायची. सगळ्या किल्ल्या परतल्याशिवाय यंत्र सुरूच होत नाही. आत चुकून जिवंत माणूस राहायला नको. तिथं शिशाचे अणुगर्भ समोरासमोर आदळतात. सूर्याच्या गाभ्यानं लाजावं अशी आग निमिषभर उसळते आणि देवानं जग मांडायला घेतलं तेव्हा जे कढत होतं, ते पुन्हा कढतं. एरवी एकमेकांना जखडून असलेले कण तेवढ्यापुरते मोकळे होतात. मग फुटून निघालेल्या कणांच्या वाटा उमटतात त्या काकांनी भरलेल्या वायूत. म्हणून तर ते वायूकाका.

"यंत्राच्या लेखी तुम्ही अजून आतच आहात, काका. आणि पाचला आपली पाळी संपते. मग यंत्र दुसऱ्यांचं. पोरं वर्षभर डोळे लावून बसलीत हो."

"मग माणूस पाठव किल्लीला."

"तो येऊन परत जाईस्तोवर पाच वाजतील." ती घुटमळली. "मी या म्हणत नाही. लेक आहे तुमची."

"म्हणत नाहीस, नुसता गळा धरतेस!"

लेक दूर देशी नांदत होती. आज बंदराकडे जाताना तिची गाडी इथं घटकाभर थांबणार होती. पुन्हा भेट कधी, ते देवालाच ठाऊक. आणि गाडीला नेमका आजच उशीर! काका रिकाम्या रुळांकडे बघत राहिले. पाय निघत नव्हता. शेवटी मन घट्ट करून त्यांनी टॅक्सीला हात केला.

किल्ली फळीवर परतली आणि पाच वाजायला थोडा अवकाश असताना प्रयोगशाळेतल्या पडद्यावर पहिली टक्कर उमटली. एका ठिपक्यातून हजार रेषा उधळल्या. पोरांनी टाळ्या पिटल्या, एकमेकांना मिठ्या मारल्या. तेवढ्यात काकांचा फोन वाजला.

"बाबा, आली गाडी! मी दारातच उभी आहे. तुम्ही कुठं दिसत नाही ते?"

काका कोपऱ्यात सरकले. "अगं, केवढी ही गर्दी! मी पार मागं, जिन्यापाशी."

"हो, ऐकू येतोय गलका. उतरू का?"

"नको नको, सुटेल गाडी. तू तिथूनच हात हलव."

"हलवतेय. दिसतेय का मी?"

"दिसतेस गं. वाळलीस."

"चला, काहीतरीच! तुम्हीपण हलवा ना हात."

काकांनी हात उंच केला. फोनमधून गाडीची शिट्टी आली, चाकांची घरघर आली, मग तीही विरली. तरी ते हात हलवतच राहिले.

समोरच्या पोरांना वाटलं, काका आपल्यालाच शाबासकी देताहेत. हसत हसत त्यांनीही हात हलवले.