डबीतलं जावळ

माझ्या मुलाचे डोळे घारे आहेत. सासरी कोणाचे नाहीत, माहेरी तर नाहीतच. बारशाला आलेल्या बायांनी आधी पाळण्यात पाहिलं, मग माझ्याकडे. मी काय सांगणार? मलाच कळत नव्हतं.

त्यात ती संध्याकाळची सिरियल. माझा नवरा प्रवीण इचोड्याच्या बाजारात भाजी विकून घरी येईपर्यंत सासूबाई, म्हणजे मथुराबाई, टीव्हीसमोर बसलेल्या असतात. सध्या तिथली सासू नातवाचे केस पाकिटात घालून डीएनए करायला निघालीये. चिमूटभर केस, पांढऱ्या कोटातला डॉक्टर, निळा पडदा, झाला रिपोर्ट. मथुराबाई श्वास रोखून बघतात आणि मधूनच आमच्या लग्नाच्या फोटोकडे नजर टाकतात. त्या फोटोत मीही आहे.

मग जावळ काढलं. आमच्याकडे जावळ कणकेच्या गोळ्यात घालून नदीत सोडतात, घरात एक केस ठेवत नाहीत. पण गोळा वळता वळता मथुराबाईंनी चिमूटभर केस कुंकवाच्या रिकाम्या डबीत टाकले. मी पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं.

मी काही केलेलं नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. भीती रिपोर्टची होती. सिरियलमध्ये खरा रिपोर्ट कधी हातात पडतो का? कोणीतरी तो बदलतंच, आणि सून पोराला घेऊन घराबाहेर. मला नव्हतं जायचं बाहेर. नवरा माझा, घर माझं, मळ्यातली मेथीसुद्धा मीच पेरलेली. कोणी रिपोर्ट बदलायच्या आधी मीच केस बदलले. 'कानामागं लई वाढले' म्हणत प्रवीणचे केस कात्रीनं कापले आणि डबीत घातले. बापाचे केस बापाशी जुळणार नाहीत तर काय! सिरियलमधली खलनायिका हेच करते, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

सोमवारी मथुराबाई डबी घेऊन आदिलाबादला गेल्या. दुपारी परतल्या आणि चपला न काढताच ओट्यावर बसल्या.

"दामिने, डबीत प्रवीणचे केस कोनं टाकले?"

"मी टाकले!" मी भडकलेच. "तुमी माह्यावर शक काऊन घेता, आत्याबाई? माह्या लेकराची तपासनी कराले निंगाल्या?"

"तुह्यावर?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "माय व, तुह्यावर कोन शक घेते?"

मग त्यांनी सांगितलं. प्रवीण झाला तेव्हा दवाखान्यातली लाईट गेली होती. शेजारच्या खाटेवर दुसरी एक बाई बाळंत झाली होती. नर्सनं अंधारातच बाळ हातात दिलं. नातवाचे डोळे पाहिल्यापासून त्यांच्या जिवाला एकच घोर लागला होता, की आपण वाढवला तो आपला की तिचा?

"तिचे डोये घारे होते का?" मी विचारलं.

"तेच तं आठवत नाही. म्हनून म्हनलं, नातवाचे केस अन् माहे केस जुळले, तं प्रवीण माहा. पन लॅबवाला हसला. कापलेले केस चालत नाई म्हने, मुळासकट उपटलेले पाह्यजे. अन् हैदराबादले पाठवा लागते. टीव्हीत तं असं कोनी सांगत नाई."

"पन केस तुमच्या लेकाचे आहेत, हे त्यानं वळखलं?"

"तो काय वळखते! डबी उघडली तं माह्या बोटायले समजलं. इतके वर्स तेल लावलं त्या डोक्शाले."

मला तेवढं पुरे वाटलं. त्यांना वाटलं की नाही, कळेना.

संध्याकाळी प्रवीण आला, आईच्या पायाशी टेकला. मथुराबाईंनी त्याच्या केसांत बोटं घातली आणि एक केस अगदी मुळाशी धरला. थांबवू की नको, मला सुचेना. त्यांनी ओढला.

"आई गं!" प्रवीण ओरडला.

त्यांची चिमूट सुटली. केस डोक्यातच राहिला.

"काय करून राह्यली?" त्यानं विचारलं.

"काई नाई," त्या म्हणाल्या. "तेल आन व, दामिने."