अंजनाबाईंचा पव्वा

अंजनाबाईंनी तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला, चाचपून दारूचा पव्वा बाहेर काढला आणि पदराने पुसून दीक्षाच्या पुढ्यात ठेवला.

दीक्षा व्यसनमुक्ती केंद्राची. अंजनाबाईंचे यजमान देवराव दारू सोडून घरी आले त्याला वर्ष होत आलं. तेव्हापासून ती दर आठवड्याला येई. थोडा वेळ त्यांच्याशी बोले, थोडा अंजनाबाईंशी. आज देवराव भाजीला बाजारात गेले होते. सीलबंद बाटली पाहून तिने हातातला चहा खाली ठेवला.

"केव्हापासून चालू आहे हे?"

"त्यायचा नाही हा. मी आनला."

इथे सक्करदऱ्यात सगळे ओळखतात म्हणून बाई ऑटो करून पार शहराच्या दुसऱ्या टोकाला गेल्या होत्या. दुकानदाराने "काकू, कोणती?" विचारलं तेव्हा मात्र पंचाईत झाली. आयुष्यभर जिच्या नावाने बोटं मोडली, तिचं नावच त्यांना ठाऊक नव्हतं. "लाल बुचाची द्या," म्हणाल्या.

"पण काहून आणला?"

"खापरखेड्याले क्वार्टरात राहत होतो न आम्ही..." अंजनाबाई बोलायच्या थांबल्या आणि स्वतःशीच हसल्या.

काय दिवस होते ते! वीज केंद्रातली ड्युटी सुटली की देवराव पायरीवर बसत. पहिला ग्लास पोटात गेला की किस्से सुरू. साहेबांच्या नकला, फोरमनची चाल. शेजारच्या बाया गॅस बंद करून ऐकायला येत. अंजनाबाई हसून हसून भिंतीला टेकत. पुढे तो पहिल्या ग्लासाचा माणूस दिसेनासा झाला आणि चौथ्या ग्लासाचाच तेवढा उरला. त्याने ताटं भिरकावली, पोरावर, अश्विनवर, हात उचलला. त्यातलं काहीच त्या विसरल्या नव्हत्या. तरी त्या पहिल्या माणसाची त्यांना फार आठवण येई, आणि आठवण येते याची लाजही वाटे.

"दारू सुटली बाई, पन मानूस मुका झाला. भाजीत मीठ आहे का नाही, तेबी सांगत नाही. वाटलं, एखादा घोट घेतला तर एक डाव हसवतीन मले." त्यांनी डोळे पुसले. "चुकलंच न माझं?"

"आणला, ते चुकलं. आठवण येते, त्यात कायची चूक? पण मले सांगून काय उपयोग? ज्यायची आठवण येते, त्यायले सांगा."

दारात चपला वाजल्या. देवराव पिशवी घेऊन उभे होते. अंजनाबाईंनी घाईघाईने बाटलीवर पदर टाकला.

"राहू दे," देवराव म्हणाले. "खिचडी टाकाले तांदूळ काढले, तवाच दिसला होता मले."

"मंग बोलले काहून नाही?"

"काय बोलू?" ते खाली बसले. "किस्सा सांगाले तोंड उघडलं का जीभ दारू मागते वं. म्हनून तोंडच उघडत नाही." मग पिशवी पुढे सरकवत म्हणाले, "मीठ बराबर असते तुह्या भाजीत."

दीक्षाने पव्वा उचलला, मागच्या नालीत रिकामा केला आणि जयभीम करून निघून गेली.

घरात दोघंच उरली. अंजनाबाईंनी पिशवीतली मेथी निवडायला घेतली. देवराव गुडघ्यांवर हात आवळून बसले होते.

"तो नवा साहेब नव्हता का," अंजनाबाई मेथीकडे पाहतच म्हणाल्या, "त्याच्या जीपमधी बकरी जाऊन बसली. मंग साहेबानं तिले सलाम ठोकला." आणि जिथे हसायचं नाही नेमक्या तिथेच हसल्या.

"बकरी नव्हती."

"हो का?"

"बोकड होता. अन् साहेब काहून सलाम ठोकन? सलाम गेटवरच्या नत्थूनं ठोकला, जीप पाहून! पार नास केला वं तू किस्स्याचा."

देवराव एकदम थांबले. त्यांची जीभ ओठांवरून फिरली. अंजनाबाईंचा हात मेथीतच राहिला.

देवरावांनी पाण्याचा तांब्या ओढला, तोंडाला लावला, घटाघटा अख्खा रिकामा केला आणि मिशा पुसल्या.

"हं. आता पयल्यापासून आयक."