शिशाचा दिवा

मित्रांनो, माझ्या पोटात शिसे आहे, तेव्हा मला हातात घेताना जरा जपून! मी काचेचा एक जुना दिवा. सत्याऐंशीच्या सुमारास ऊर्जानगरजवळच्या एका प्रयोगशाळेत मी यंत्रात बसून जळत असे. माझ्या उजेडात कुणाला वाचता येत नव्हते. तो उजेड फक्त शिशाचे अणू गिळत. तांबे, लोखंड त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नसत. माझ्यासमोर गॅसची ज्योत होती. तपासायचे पाणी बारीक तुषार होऊन तिच्यात शिरे, धातूचे अणू सुटे होत आणि माझा उजेड त्यांच्यातून पलीकडे जाई. तिथे तो जितका कमी पोचे, तितके पाण्यात शिसे जास्त. लोक माझी वाहवा करीत. पण शिसे आले कुठून, हे मला कधीच कळत नसे, आणि त्यानेच जीव टांगणीला लागे.

एकदा ब्रह्मपुरीकडची मनकर्णाबाई बोरिंगचे पाणी घेऊन आली. तिची नात पोटदुखीने सुकत चालली होती. ज्योत पेटली आणि माझा उजेड घटला. प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, "बोरिंगमध्येच शिसं आहे. बंद करायला कळवा."

मी नुसता तडफडत होतो. तपासणी करणाऱ्या रामटेके बाईंचेही मन मानेना. त्यांनी विचारले, "मावशी, पाणी कशात आणलं?"

"पितळेच्या गुंडीत आनलं न बाई, पानी भरतो त्या भांड्यात. साहेबलोकायसाठी मैल्या भांड्यात कसं आनू? कल्हई नवीनच हाय."

बाईंनी स्वच्छ बाटली देऊन बोरिंगचे पाणी पुन्हा मागवले. या खेपेला माझा सगळा उजेड पार झाला. शिसे नव्हतेच!

"त्या गुंडीत आणखी काय करता?"

"पोरगी जेवत नाई, म्हून आंबील करून देतो. तिच्यासाठी चांगलं भांडं काढलं."

बाईंनी गुंडीतली ती आंबीलही बाटलीत मागवून तपासली, तेव्हा माझा उजेड पार खाली बसला. कल्हईच्या कथिलात कुणीतरी शिसे मिसळले होते आणि आंबट आंबील ते ओढून घेत होती.

मनकर्णाबाई म्हणाली, "म्हंजे मीच पाजत होतो तिले?"

"तुम्हाला ठाऊक नव्हतं, मावशी. आता तिला लगेच मोठ्या दवाखान्यात न्या," बाई म्हणाल्या.

ती गेली, ती पुन्हा आली नाही. पुढे माझा उजेड मंदावला. आता मी खोक्यात पडून असतो, आणि झाकण हलले की माझा जीव वरखाली होतो.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाही तरी चालेल. पण घरात कुणी आजारी असले, तर आंबट काही शिजवण्याआधी भांड्याची कल्हई कशाची आहे ते विचारा. आणि ती पोरगी कुणाला भेटली, तर मला येऊन सांगा.