रेशमाखालचा दोरा

सॅमन मासा पकडण्यासाठी गळावर रेशीम आणि पिसं बांधून जी खोटी माशी करतात, तिचं अंग गुळगुळीत हवं असेल तर नुसत्या वरच्या रेशमाकडे पाहून भागत नाही. खालच्या दोऱ्याचा पीळ काढून तो चपटा, एकसारखा बसवावा लागतो. तिथला उंचवटा वर दिसतोच. शिवाय तो दोरा पांढरा हवा, कारण पिवळं रेशीम भिजलं की पारदर्शक होतं.

मेजर धैर्यशीलना हे ठाऊक नव्हतं. चिनहटमधला माश्यांचा कारखाना त्यांचा. नमुने मात्र सगळे माझे. परदेशी गिऱ्हाइकांना ते सांगत, "नमुने मी स्वतः बांधतो." नमुन्याच्या कार्डावर माझं नाव घाला, असं मी एकदा म्हटलं, तर हसले.

"नाव कशाला, अनघावहिनी? घरचंच काम आहे. एम.एस्सी. झालेल्या बायका स्वेटर विणतात, तुम्ही माश्या विणता. अच्छा है!"

कारागीर बायकाही हसल्या.

पुढचे नमुने मी काळ्या दोऱ्यावर बांधले. वर रेशमाचे दोन दाट थर दिले. अंग इतकं सरळ उतरलं की कोरडं असेपर्यंत कुणालाच काही कळलं नसतं.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत स्कॉटलंडहून खरेदीदार बाई आल्या. मेजरसाहेबांनी नमुना पुढे केला.

"माझ्या हातचा आहे."

बाईंनी तो भिंगाखाली पाहिला, "सुंदर" म्हणाल्या आणि पाण्याच्या ग्लासात सोडला. पिवळं अंग गटारातल्या चिखलासारखं झालं.

"हे तुम्ही बांधलंत?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी रिळं लावत होते. साहेब गप्प राहिले तर अडाणी ठरणार होते, खरं बोलले तर खोटारडे.

"अनघा," ते शेवटी म्हणाले. "ही अनघाने बांधली. सगळे नमुने तीच बांधते."

नावामागचं 'वहिनी' गळलं होतं, पण नाव आलं होतं.

"हो, माझीच," मी म्हटलं आणि पर्समधली दुसरी माशी त्याच ग्लासात टाकली. ती पिवळीच राहिली.

बाईंनी दोन्ही माश्या पाहिल्या, मग बराच वेळ मला. नंतर गळ धरायचा चिमटा त्यांनी साहेबांपुढे सरकवला.

"आता एक बांधून दाखवा, मेजर."

मी पांढऱ्या दोऱ्याचं रीळ त्यांच्या हाताशी ठेवलं. त्यांना दोऱ्याचं टोक सापडेना. मी ते काढून दिलं नाही.