सात वळणांची वाट

बिझर्तच्या जुन्या बंदरापासून मोठ्या मशिदीपर्यंत तांबटांच्या गल्लीतून ऐंशी पावलं होतात. मी दर रविवारी सकाळी पाहुण्यांना शहर दाखवायला नेतो, त्या वाटेने मात्र चाळीस मिनिटं लागतात. सात वळणं, दोन बुजलेल्या विहिरी, एक पावभट्टी, आणि शेवटी घामाघूम झालेली माणसं. पूर्वी पाणके याच वाटेने पाणी आणत, असं मी सांगतो. त्याचे पुरावे शोधण्यात मी दफ्तरखान्यात दोन वर्षं घालवली. निवृत्त ग्रंथपालाला दुसरं काय येतं?

खरं कारण वेगळंच होतं. तांबटांच्या गल्लीत शाडलीचं कल्हईचं दुकान आहे, आणि अकरा वर्षं मी त्याला तोंड दाखवलेलं नव्हतं.

शाडली माझा बालमित्र. त्याची आई, मन्नूबियामावशी, वारली तेव्हा तीन दिवस माणसं भेटायला येत होती. आमच्यात अशा वेळी "देव तुला धीर देवो" एवढंच म्हणतात आणि गप्प बसतात. हमालापासून वकिलापर्यंत सगळ्यांचं त्यावर भागतं. माझं भागेना. जिच्या हातचा हरभऱ्याचा लब्लाबी खाऊन मी वाढलो, तिच्यासाठी फक्त चार शब्द? मी घरी लिहायला बसलो. तिसऱ्या संध्याकाळी चार पानं झाली, पण शेवटचा परिच्छेद जमेना. तो जमला तोवर मांडवातल्या खुर्च्या परत गेल्या होत्या. चाळिसाव्या दिवशी जाऊ म्हटलं, तर तोवर ती पानं मलाच फार अलंकारिक वाटू लागली. माझी बायको नफीसा म्हणते, "यमदूत आला तरी तुम्ही त्याला कच्चा मसुदा दाखवाल."

गेल्या रविवारी ट्युनिसहून चौदा जण आले. पहिल्याच वळणावर एका नवरीचं कपाट दोन भिंतींमध्ये अडकलं होतं. चार जण ते ढकलत होते आणि पलीकडून पाचवा त्यांना शिव्या देत होता. थोडं थांबू या, मी म्हणालो. अर्धा तास थांबलो. मग हलीमा नावाच्या शिक्षिकेने तांबटांच्या गल्लीकडे बोट दाखवलं. मनोरा तर त्या टोकाला दिसतोय की, ती म्हणाली. त्या गल्लीला ऐतिहासिक महत्त्व नाही, असं मी सांगितलं.

"नसेना काका, माझ्या गुडघ्याला आहे," ती म्हणाली आणि चालू लागली. बाकीचे तेरा तिच्यामागे गेले, आणि सगळ्यांच्या मागे त्यांचा वाटाड्या.

शाडली दुकानाबाहेर बसून पातेल्यात कापसाचा बोळा फिरवत होता. केस पांढरे झाले होते. मला पाहूनही हात थांबला नाही.

"या, पाणक्यांचे इतिहासकार. तुझे पाहुणे परतताना इथे टेकतात. सगळं सांगतात मला." मग तो हलीमाकडे वळला. "बाई, माझा आजा पाणक्या होता. तो याच गल्लीतून यायचा, सरळ. पाठीवर भरलेली पखाल घेऊन सात वळणं कोण घेईल? कोणाला तोंड चुकवायचं असलं तर गोष्ट वेगळी."

सगळे हसले. एकाने ते वहीत लिहूनही घेतलं. माझं इतक्या वर्षांत कोणी काही लिहून घेतलं नव्हतं.

चार पानं कोटाच्या आतल्या खिशात होती. ती कायम तिथेच असतात. हात तिकडे गेलाही.

"वाचून दाखवू नकोस," शाडली म्हणाला. "किती पानं आहेत ते मला ठाऊक आहे. दर रमजानला नफीसावहिनी भांडी घेऊन येतात."

म्हणजे अकरा वर्षं मी त्यानेच कल्हई केलेल्या भांड्यांतलं जेवत होतो.

"देव तुला धीर देवो, शाडली," मी म्हणालो.

बोळा थांबला. "तुझंही भलं करो," तो हळूच म्हणाला. त्याने बाही डोळ्यांवरून फिरवली आणि धूर फार झालाय म्हणाला. भट्टी विझलेली होती.

मग त्याने सगळ्यांना तिवया दिल्या, चहा मागवला आणि शहराचा इतिहास सांगायला घेतला. बराचसा माझ्या फजितीचाच होता. निघताना त्याने हात पुढे केला.

"आण ते कागद. चष्मा घरी आहे. शेवटचा परिच्छेद जमलाय का, ते उद्या येऊन विचार."

मी कागद दिले. मशिदीपर्यंत पोचायच्या आत दोनदा मागे वळलो. पहिल्या पानावरचं एक विशेषण बदलायचं राहून गेलं होतं.