वीतभर इंजिनाचा सूड

मी एक जुनं, वीतभर लांबीचं इंजिन आहे. छोट्या लाइनीवर, म्हणजे नॅरोगेजवर, जे खरं इंजिन गाडी ओढायचं ना, त्याची मी नक्कल. मित्रांनो, नाजूक दिसतो म्हणून मला गरीब समजू नका. मी डूख धरतो.

माझा जन्म रायपूरच्या पुरानी बस्तीतला. चित्रादीदीनं मला घडवलं. दिवसभर ती शंकर नगरच्या एका ऑफिसात नव्या राजधानीच्या इमारतींची थर्माकोलची मॉडेलं बनवायची. ते पोटासाठी. संध्याकाळी घरी आली की मात्र ती माझी. उदबत्तीच्या नळकांड्याचा बॉयलर, शर्टाच्या बटणांची चाकं, पेनाच्या टोपणाचं धुराडं. काहीही विकत आणलेलं नाही.

आधी स्केच, मग कात्री, हा तिचा नियम. खरं इंजिन शेडच्या भिंतीला चिकटून उभं होतं, त्यामुळे तिला उजवी बाजूच काढता आली. पुढे ते कुठे हलवलं कोण जाणे. म्हणून माझी डावी बाजू कोरी राहिली, नुसता पुठ्ठा.

"काहून वं, अर्धवटच ठेवतं का त्याले?" तिची आई, मीराबाई, विचारायची.

"पाहिली नाही तं कशी करू, आई?"

"टाक ना मनानं बनवून. कोण पाहून राहिलं?"

"मी पाहून राहिली ना."

अशी माझी दीदी! ऑफिसातल्या प्रत्येक मॉडेलवर मालकाचं, पराग सरांचं नाव लागायचं. मी तेवढा तिचा होतो.

एकदा सर घरी आले आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. "दो दिन के लिए दे ना, चित्रा. प्रदर्शनात ठेवू. तुझंच नाव लावतो." तिनं भाबडेपणानं मला दिलं. आणि स्टॉलवर पाटी कोणती लागली? 'निर्मिती : पराग खेडकर'. नोकरीच्या भीतीनं दीदी काही बोलली नाही, पण तिचे डोळे भरून आले. माझ्या अंगाची लाही लाही झाली! मनात म्हटलं, थांब लेका, दाखवतोच तुला.

मला फिरत्या टेबलावर ठेवायचं होतं. कोरी बाजू दिसली तर नाक कापलं जाईल, म्हणून उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी सर स्वतः कामाला बसले. थर्माकोल कापला, आणि चिकटवायला घेतलं काय, तर सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन! मित्रांनो, सोल्यूशन थर्माकोलला खाऊन टाकतं. या धंद्यातली नवी पोट्टीसुद्धा हे पहिल्याच दिवशी शिकते. पण जन्मभर नुसते हुकूम सोडणाऱ्याला कुठून माहीत असणार? लाव, म्हटलं, आणखी लाव! काम झालं तसे सर हात पुसत निघून गेले. इकडे माझं डावं अंग विरघळत होतं आणि मला उकळ्या फुटत होत्या.

सकाळी पाहुण्या आल्या. विनोदिनीबाई, चित्रकलेच्या जुन्या शिक्षिका. माझी उजवी बाजू पाहून त्या हरखल्या. सरांची छाती फुगली. "डावी बाजू तर मी कालच केली, मॅडम. सोल्यूशननं एकदम पक्की चिकटवली!"

तेवढ्यात टेबल फिरलं. भोकंच भोकं! उंदरांनी कुरतडलेल्या भाकरीसारखी. आजूबाजूचे मॉडेलवाले खो खो हसले.

बाईंनी चष्मा सावरला. "मग ती उजवी बाजू कोणाच्या हातची?"

दीदी पुढे आली. "उजवी बाजू माझी आहे, मॅडम. डावी सरांची."

पाटी तिथल्या तिथे उतरली. दीदीची नोकरीही गेली, ते लपवत नाही. आता ती घरीच मॉडेलं बनवते, स्वतःच्या नावानं. त्या दिवशी मला घेऊन घरी आल्यावर ती माझी डावी बाजू खरवडायला बसली होती. मीराबाईंनी तिचा हात धरला.

"राहू दे वं. त्यानं केलं तेवढ्यावर त्याचं नाव पाहिजे ना!" असं म्हणून त्यांनी माझ्यासोबत घरी आलेली ती उतरलेली पाटी माझ्या भोकांखाली चिकटवली. आलागेला प्रत्येकजण ती मोठ्यानं वाचतो.

तेव्हा मित्रांनो, दुसऱ्याचं काम हाती घ्याल तेव्हा जपून घ्या आणि ज्याचं त्याला नाव द्या. नाही दिलंत, तर तुमचंही नाव आम्ही असंच जपून ठेवू.